मेलेल्यांच्या बशीत जेवणारा

आमच्या नार्वाकानच्या पंचक्रोशीत लग्न असो, बाप्तिस्मा असो की गावच्या संताचा सण, पहिलं ताट माझ्या नवऱ्याला वाढायची रीतच पडून गेली होती. मानाबिनाचा प्रश्न नव्हता. देल्फिन जेवायला बसला की बघणाऱ्यालाही भूक लागायची, म्हणून. खाली मान घालून, हाताने, अजिबात घाई न करता तो भाताचा डोंगर असा काही उतरवत आणायचा की रांधणाऱ्या बायका हातातली कामं टाकून दाराशी येऊन उभ्या राहायच्या. तिसऱ्यांदा वाढून घेताना म्हणायचा, "मावशी, चव नीटशी कळली नाही अजून." की बायका हसून बेजार. आमचा शेजारी किकोय, सगळ्या गल्लीचा मानोंग म्हणजे थोरला भाऊ, लांबून ओरडायचा, "देल्फिन येतोय रे! डुकराला सांगा, शेवटची प्रार्थना करून घे म्हणावं."

देल्फिनला या थट्टेचा राग कधीच आला नाही. जाड माणसं स्वभावाने गोड असतात असं लोक म्हणतात, ते साफ खोटं आहे. माझा बाप जाडा होता आणि खाष्टही होता. देल्फिन गोड होता तो आपला मुळातच.

धंदाही त्याचा खाण्याचाच. बाजाराच्या तोंडाशी आमचं बागनेटचं दुकान आहे. डुकराच्या पोटाकडच्या मांसाचे हातभर पट्टे उकडायचे, वाळवायचे, मग मोठ्या कढईत त्यांच्याच चरबीत दोनदा तळायचे, कातडीवर फोड येऊन ती पापडासारखी कुरकुरीत होईपर्यंत. देल्फिन कढईकडे बघतसुद्धा नाही. पाठ करून गिऱ्हाइकाशी गप्पा मारत असतो आणि मध्येच वळून पट्टा उचलतो. तेलाचा आवाज बदलतो म्हणे. इतकी वर्षं त्याच कढईशेजारी उभी राहूनही मला तो बदल ऐकू आलेला नाही. मी आपली घड्याळाकडे बघणारी बाई.

त्याच कढईपाशी तो एक दिवस खाली बसला. पडला नाही, नुसता बसला, आणि मग त्याला उठताच येईना. श्वास भात्यासारखा चाललेला, ओठ निळे. किकोय आणि बाजारातल्या एका कोळणीचे दोन भाऊ मिळून त्याला तीनचाकीत घालायला गेले, तर त्याला आत घालता येईना. शेवटी मासळीच्या टेंपोत, बर्फाच्या पेट्यांशेजारी बसवून नेला. साखर वाढलेली, रक्तदाब वाढलेला, झोपेत श्वास थांबतो तो वेगळाच. डॉक्टर म्हणाला, हे असंच चाललं तर पन्नाशी दिसणार नाही. हवाईत असलेल्या त्याच्या थोरल्या बहिणीने, एर्लिंदाने, फोनवर रडून घेतलं आणि मग मनिलातल्या ऑपरेशनची सगळी सोय केली.

माझी सासू सिमेओना, आम्हां सगळ्यांची नानांग म्हणजे आई, तेव्हा ठणठणीत होती. तिला कळेचना. "पोट कापून टाकतात होय कुणी?" ती म्हणाली. "त्या बिचाऱ्या पोटाने काय वाकडं केलंय तुमचं?"

"अहो नानांग, पोट छोटं केलं की कमी खाईल. कमी खाल्लं की जगेल."

"कमी खाऊन कोण जगलंय?" नानांग म्हणाली आणि भाजी चिरायला बसली. तिच्या लेखी विषय संपला होता.

ऑपरेशन नीट झालं. पोटाचा बराचसा भाग काढून टाकला; उरलं ते केळ्याएवढं. आधी नुसतं पाणी आणि निवळ, मग पेज, मग मऊ लगदा, असं करत करत देल्फिन पुन्हा भातामासळीवर आला, तेव्हा दवाखान्यातल्या आहाराच्या पोरीने आम्हां दोघांना समोर बसवून घेतलं. लहानशी पोर, कपाळावर केस कापलेले, पण बोलायला खमकी. लहान बशी घ्या. आधी मासा, मग भाजी, जागा उरली तर भात. घास अंगठ्याच्या नखाएवढा, आणि त्याचा लगदा होईपर्यंत चावा. जेवताना पाणी अजिबात नाही, घास पुढे ढकलला जातो. आणि मग ती म्हणाली, "सगळ्यांत महत्त्वाचं पुढे आहे. पूर्वी तुम्हांला पोट भरल्याचं कधी कळायचं?"

देल्फिन विचारात पडला. "ताट रिकामं झाल्यावर," तो म्हणाला. आणि मग प्रामाणिकपणे, "पातेलं रिकामं झाल्यावर."

ती हसली नाही. म्हणाली, "आता ताटाकडे बघून चालायचं नाही. पोट भरत आलं की शरीर काहीतरी खूण करतं. कुणाला उचकी लागते, कुणाला एक शिंक येते, कुणाचं नाक वाहतं, कुणी नुसता सुस्कारा सोडतं. प्रत्येकाची खूण वेगळी. तुमची तुम्ही शोधा. खूण झाली की हातातला घाससुद्धा खाली ठेवायचा. त्यानंतरचा एक घासही जास्तच."

मला म्हणाली, "बाई, लक्ष ठेवा." झालं. त्या दिवसापासून मी नवऱ्याच्या तोंडाकडे बघत जेवणारी बायको झाले. लग्न झाल्यावरही इतकं बघितलं नव्हतं.

आता बशीची गोष्ट. आमच्या घरात मोठी ताटं होती, त्याहून मोठी ताटं होती, आणि लहान म्हणाल तर फक्त निळ्या काठाच्या चार बश्या होत्या. त्या आतांगच्या. आतांग म्हणजे गेलेल्या माणसाचं जेवण: वर्षश्राद्धाला, मृतांच्या सणाला, कुणी अचानक आजारी पडलं तर, घरातल्या मेलेल्या माणसांच्या तसबिरीपुढे अशा बशीत थोडा भात, थोडं मांस, एक घोट उसाची दारू ठेवायची. त्यांचं जेवून झाल्याशिवाय जिवंतांनी तोंडात काही घालायचं नाही. मेलेल्यांची भूक लहान, म्हणून बशीही लहान. आणि आतांगचं उरलेलं वाटून खाणं सोडलं तर त्या बश्यांत दुसरं कुणी कधी जेवत नाही.

देल्फिनने फळीवरून एक बशी उतरवली, पुसली आणि तीत चार घास मासा घेतला. नानांगच्या हातातली पळी खाली पडली.

"ती बशी खाली ठेव."

"अगं नानांग, एवढीच लहान आहे घरात."

"ती मेलेल्यांची आहे, देल्फिन. तुझ्या बापाची आहे."

"बापाची आहे ना? मग रागावेल कशाला? उलट म्हणेल, ये, बस शेजारी."

हा असला विनोद त्याने करायला नको होता. नानांगने अंगावर क्रूसाची खूण केली, कपाळ, छाती, खांदे. दुसऱ्या दिवशी मी बाजारातून प्लास्टिकची बशी आणली, पण तिच्यावर बदकाचं चित्र निघालं. किकोयने ते खिडकीतून पाहिलं आणि त्या दिवसापासून देल्फिनला बघून क्वॅक् क्वॅक् करायला लागला. बदक माळ्यावर गेलं आणि निळ्या काठाची बशी कायम झाली. नानांगने भांडण सोडलं, हार मानली नाही. ती भाताखाली मांसाचे तुकडे लपवून वाढायची. विचारलं की म्हणायची, "मेलेल्याच्या बशीतसुद्धा आम्ही मांस घालतो. जिवंताच्या बशीत नको?"

खूण काही सापडेना. देल्फिन जेवताना स्वतःकडे असा कान लावून बसायचा, जसा कढईकडे. ढेकर आला की माझ्याकडे बघायचा: ही का? एकदा शिंक आली, आम्ही दोघं आनंदलो, पुढल्या घासाला काहीच झालं नाही आणि त्याच्या पुढल्याला सगळं बाहेर. छातीच्या मधोमध घास अडकल्यासारखी कळ यायची, तोंडाला फेसासारखी लाळ सुटायची, डोळ्यांतून पाणी यायचं, आणि मग मोरीत. एवढा दांडगा माणूस भिंतीला डोकं टेकून उभा राहायचा. मी पाठीवरून हात फिरवायचे. दुसरं काय करणार? कढईचं कळतं तुला, स्वतःच्या पोटाचं कसं कळत नाही, असा टोमणा एकदा माझ्या तोंडून गेला. तो म्हणाला, "कढई रोज बोलत होती, नेनी. पोटाला मी कधी बोलूच दिलं नाही."

आणि मग एका दुपारी मला ती दिसली. तो मुगाची उसळ खात होता. उजवा हात घासाला गेला आणि डावा हात, त्याच्या नकळत, कानाकडे गेला. कानाची पाळी दोन बोटांत धरली, जरा ओढली, सोडली. त्याने घास खाल्ला आणि उठून मोरीकडे धावला. संध्याकाळी पुन्हा तेच. दुसऱ्या दिवशी सकाळी डावा हात कानाला लागला रे लागला, मी त्याच्यासमोरची बशीच उचलली.

"अगं!"

"थांब. बस असाच. काही होतंय?"

तो बसून राहिला. काहीच झालं नाही. कळ नाही, लाळ नाही. थोड्या वेळाने त्याचा चेहरा असा पसरला की मला लग्नातला देल्फिन आठवला. "नाब्सोगाकोन," तो म्हणाला. पोट भरलं माझं. आमच्याकडे हे दिवसातून दहादा बोललं जातं, पण तो ते असं म्हणाला जसा बाळाने पहिला शब्द म्हणावा.

मी ही बातमी घेऊन नानांगकडे धावले. ती अंगणात लसूण निवडत होती. ऐकून हसायला लागली.

"कान होय! अगं, ते अंगावर प्यायचा तेव्हापासूनचं आहे. पोट भरलं की कान धरायचा."

"तुम्हांला माहीत होतं?"

"आईला माहीत नसेल तर कुणाला?"

"मग सांगितलं का नाही कधी?"

ती लसणाच्या पाकळ्या पुन्हा पुन्हा सारख्या करत राहिली. देल्फिनच्या आधी तिला एक मुलगा झाला होता. तंबाखूचं पीक गेलं त्या साली तो गेला, पोटाला पुरेसं न मिळून. हे घरात सगळ्यांना माहीत होतं, पण ती कधी बोलायची नाही. त्या दिवशी म्हणाली, "थोरल्याला द्यायला माझ्याकडे नव्हतं. याच्या वेळेला होतं. याने कान धरला की मी तो हात हळूच काढायचे, मांडीवर धरून ठेवायचे आणि आणखी एक घास भरवायचे. न जाणो, उद्या नसलं तर? मोठा झाला तसं त्याने कान धरायचं सोडून दिलं."

माझा त्या बाईवर राग होता, खूप होता, आणि तो त्या अंगणात कुठे ठेवावा ते मला कळेना. मी खाली बसून तिच्याबरोबर लसूण सोलू लागले.

पुढचे दिवस बरे गेले. देल्फिन वाळत गेला. विजारी आत घेऊन घेऊन शिंप्याने शेवटी हात जोडले. तो तीनचाकीत मावू लागला, माझ्याशेजारी झोपला की श्वास सरळ चालायचा. साखरेच्या गोळ्या कमी झाल्या. मोह व्हायचे. एकदा गोड तुपिग खाल्लं, केळीच्या पानात भाजलेलं, तर घाम फुटून छाती धडधडायला लागली आणि तो तासभर फरशीवर आडवा पडून होता. पण एकंदरीत कान त्याला सांभाळत होता. सणाच्या पंगतीत लोक आग्रह करायचे, "देल्फिन, अरे आजारी आहेस की काय?" तो कानाला हात लावून दाखवायचा. लोकांना वाटायचं, कान धरून माफी मागतोय.

नानांग मात्र याच दिवसांत विरत चालली होती. आधी मीठ दोनदा पडायला लागलं. मग चुलीवर रिकामं पातेलं. मग ती देल्फिनला अन्सेल्मो म्हणू लागली. अन्सेल्मो म्हणजे माझा सासरा, तंबाखूच्या शेतात राबून काटकी झालेला माणूस; तसबिरीत गालफडं बसलेली दिसतात. आम्ही हसलो. वाळल्यावर देल्फिन खरंच बापासारखा दिसू लागला होता. पण एके दिवशी तिने देल्फिनकडे बघितलं आणि माझ्या कानाशी लागून विचारलं, "पोरी, हे पाहुणे कोण आहेत? किती दिवस राहणार?"

त्यानंतर दर रविवारी ती देल्फिनसाठी ताट वाढून ठेवू लागली. मोठं ताट, भाताचा डोंगर, वर बागनेट, कडेला वांग्याची भाजी, सगळ्यावर केळीचं पान झाकलेलं. दाराकडे तोंड करून बसायची. देल्फिन तिच्या शेजारीच बशी घेऊन बसलेला असायचा.

"नानांग, मीच देल्फिन."

ती त्याच्याकडे सभ्यपणे बघायची. "असं कसं म्हणता, दादा? माझा देल्फिन या दारातून आडवा होऊन येतो."

एका रविवारी त्याने बशी बाजूला सारली आणि केळीचं पान उचललं. मी ओट्याशी होते, वळेपर्यंत तो खायला लागलाही होता. मान खाली घालून, हाताने, पूर्वीसारखा. नानांग आधी ओरडली, "अहो, ते माझ्या मुलाचं आहे!" आणि मग तिचा आवाज मध्येच थांबला. ती पुढे झुकली. भाताचा डोंगर उतरत होता. ती त्याच्या हाताकडे बघत होती, घासाकडे, गालाकडे.

"आलास होय रे," ती म्हणाली. "कुठं होतास? किती वाट बघायची माणसाने!"

"आलो नानांग. चव नीटशी कळली नाही अजून. वाढ जरा."

तिने वाढलं. त्याने खाल्लं. नंतर घरामागे केळीच्या बुंध्याला धरून तो कितीतरी वेळ ओकत होता आणि आत नानांग गाणं गुणगुणत भांडी विसळत होती.

असं दर रविवारी होऊ लागलं. मी भांडले. ओरडले, ताट लपवलं, एकदा तर ताट कुत्र्याला घातलं, तर नानांग दुपारभर अशी रडली की किकोय कुंपणावरून बघायला आला. देल्फिन मला म्हणायचा, "ती मला बघते गं. ताट संपेपर्यंत का होईना, मला बघते."

हळूहळू ओकणं कमी झालं, आणि मला वाटलं, चला, बरं झालं. मूर्ख बाई मी. पोट ताणलं जात होतं, म्हणून मावू लागलं होतं. तीनचाकीत तो पुन्हा अंग चोरून बसायला लागला होता. तपासणीला गेलो तर साखर वर. डॉक्टर म्हणाला, "एकदा जीव वाचवलाय. त्याच जागी पुन्हा कापणं सोपं नसतं. आणि तुमचं हृदय तोवर वाट बघेल असं मी सांगू शकत नाही."

परत येताना बसमध्ये मी खिडकीकडे तोंड करून रडले. देल्फिनने माझा हात धरला. "नाही खाणार," तो म्हणाला. "तिने ओळखलं नाही तरी चालेल. नाही खाणार आता ते ताट. शब्द देतो."

शब्दाचा पक्का माणूस. पुढच्या रविवारी तो कोपऱ्यात बसून बशीतलं नखाएवढे घास करून जेवला. नानांगने ताट झाकून ठेवलं, दाराकडे तोंड केलं आणि बसली. ऊन अंगणातून सरकत कुंपणापर्यंत गेलं. भात कडक झाला. त्याच्या पुढच्या रविवारीही तेच. देल्फिन दुकानातून आला की सरळ तिच्यासमोर जाऊन बसायचा, नाव सांगायचा, लहानपणीच्या गोष्टी सांगायचा. ती ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "तुम्ही फार चांगले आहात हो. तुमची आई आहे का?"

आणि एका रविवारी तिने ताट वाढलंच नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. वाटलं, विसरली, बरं झालं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी सासऱ्यांचं वर्षश्राद्ध आलं. नानांगची बुद्धी गेली होती, पण हात शाबूत होते. सकाळपासून तिने एकटीने रांधलं, मला फक्त लाकडं पुढे करू दिली. तसबिरीपुढे पांढरं कापड घातलं, मेणबत्ती ठेवली, निळ्या काठाची बशी मांडली. भात, मांस, थोडी भाजी, दारूचा पेला, एक सिगरेट, कारण सासरे ओढायचे. मग तिने आणखी एक मेणबत्ती ठेवली, फळीवरून दुसरी बशी काढली आणि तीही तशीच वाढून मांडली.

"ही कुणासाठी, नानांग?"

तिने छातीशी धरलेला फोटो पुढे केला. कुणाच्या तरी लग्नातला होता. देल्फिन, गाल फुगलेले, हातात ताट, हसून डोळे बंद झालेले. तिने तो बापाच्या तसबिरीला टेकवून उभा केला.

"मला कुणी सांगितलं नाही," ती म्हणाली. "म्हातारीला कशाला सांगायचं, असं वाटलं असेल तुम्हांला. पण कळतं हो आईला. माझा देल्फिन जेवायला आला नाही असा रविवार होता का कधी?"

देल्फिन दारात उभा होता. हातात दुकानातला बागनेटचा पुडा, बापासाठी आणलेला. त्याने सगळं ऐकलं होतं. मी त्याच्याकडे बघितलं, तो माझ्याकडे बघेना. आत आला, पुडा ठेवला, आईच्या मागे गुडघे टेकले आणि स्वतःच्या नावाची मेणबत्ती पेटेपर्यंत मान खाली घालून बसला. नानांग प्रार्थना म्हणत होती. अडखळली तिथे तो पुढचे शब्द सांगत होता.

मेणबत्त्या संपल्या. मेलेल्यांचं जेवून झालं की ते अन्न घरातल्यांनी वाटून खायचं, अशी आमच्या घरची पद्धत. नानांगने सासऱ्यांची बशी मला दिली. दुसरी तिने उचलून देल्फिनपुढे ठेवली.

"घ्या, दादा. माझ्या मुलाच्या नावाचं आहे. त्याला एवढ्याशाने काय झालं असतं, पण तुम्हांला पुरेल."

देल्फिनने बशी जवळ ओढली. मासा नव्हता, आधी भाजी खाल्ली, मग मांसाचा एक तुकडा बारीक करून, मग भात. प्रत्येक घास लगदा होईपर्यंत चावत होता. सवयीने मीही त्याच्याबरोबर जबडा हलवत होते. बशी अर्ध्यावर आली तेव्हा त्याचा डावा हात वर गेला आणि कानाच्या पाळीवर थांबला. त्याने हातातला घास खाली ठेवला.

"नाब्सोगाकोन," तो हळूच म्हणाला.

नानांग उठू पाहत होती ती थांबली. त्याच्या हाताकडे बघत राहिली. मग सरकत सरकत त्याच्या अगदी जवळ आली आणि तिने त्याच्या तोंडापाशी तोंड आणलं, डोळे बारीक करून.

"देल्फिन?"

"हो, नानांग."

"तूच आहेस?"

"मीच आहे."

"अरे देवा! किती वाळलास रे. कुणी वाढलं नाही का तुला?" तिने त्याचा कानावरचा हात दोन्ही हातांनी हळूच काढला आणि आपल्या मांडीवर धरून ठेवला. मोकळ्या हाताने बशीतला भात गोळा केला, त्यावर मांस दाबलं, चांगला मोठा घास केला. "हा घे. एकच."

देल्फिनने माझ्याकडे पाहिलं. नको म्हण, असं तो सांगत होता की बोलू नकोस असं, ते मला आजही कळलेलं नाही. त्याच्या हाताशी पाण्याचा पेला होता, तेवढा मी ओढून माझ्याकडे घेतला.

त्याने तोंड उघडलं. नानांगने घास भरवला, बोटाने त्याच्या ओठाला लागलेलं शीत आत सारलं आणि बशीकडे वळली.

"शाब्बास," ती म्हणाली. "आता अजून एक."